पक्षाघातानंतरची वाचा आणि घरातील जोडीदार



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. निदानावर वा औषधोपचारावर बोलण्याचा अधिकार माझा नाही. परंतु रुग्णास घरी सोडण्याचे कागद माझ्या कार्यालयातून जातात. पक्षाघाताच्या रुग्णाची पत्नी बिल भरून झाल्यावरही तेथेच उभी राहते आणि विचारते, "ह्यांना बोलता कधी येईल?" हातापायांचे व्यायाम तिला समजावलेले असतात. वाचेसाठी घरी काय करावे, हे मात्र पुष्कळदा राहून जाते.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने एका रुग्णाची नोंद केली. त्याच्या मुखातून 'तान' एवढाच उच्चार निघे. समोरच्याचे बोलणे मात्र त्याला बरेचसे कळत असे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या भागात इजा आढळली. या विकारास वाचाघात म्हणतात. काही रुग्णांना समजण्यासही अडचण येते, हे खरे. तथापि हे वेड नव्हे, की बहिरेपणही नव्हे.

आपल्याकडे घात होतो तो इथेच. "त्यांना आता काही कळत नाही," असे एकदा घराने ठरविले, की सोयाबीन कधी विकायचे, मुलीचे कोणते स्थळ पाहायचे, हे त्यांच्यादेखत, त्यांना न विचारता ठरते. कागदावर अंगठा घेण्याची घाई तर विचारूच नका! ज्याला कोणी काही विचारत नाही, तो बोलण्याचा प्रयत्न तरी कशासाठी करील?

म्हणून प्रथम विचारावे, पण परीक्षा घेऊ नये. तांब्या पुढे धरून "हे काय, सांगा बघू" असे पाहुण्यांसमोर म्हणणे म्हणजे जाणत्या माणसाचा पाणउतारा होय. त्याऐवजी दूरदर्शन संच बंद करून, समोर बसून, "चहा देऊ की दूध?" असे दोन्ही दाखवून विचारावे. मग थांबावे. शब्द आपण पुरविण्याआधी मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे. मानेचा होकार, हाताची खूण, पाटीवरची रेघ, हे सारे उत्तरच समजावे.

'पाणी' म्हणता न येणारा माणूस सायंकाळी देवीची आरती मात्र सुरात म्हणतो, असा अनुभव तुळजापूर परिसरातील घरांना नवा नसावा. घरचे हरखतात आणि दुसऱ्या दिवशी निराश होतात. पाठ असलेले म्हणणे आणि नवे वाक्य जुळविणे ही मेंदूची दोन निराळी कामे आहेत. तरीही या वाटेचा उपयोग होतो. १९७३ साली अमेरिकेतील बोस्टनच्या तज्ज्ञांनी सुरांच्या आधारे वाक्ये म्हणवून घेण्याची पद्धत मांडली. घरी अभंगाच्या ओळीचा शेवटचा शब्द रुग्णासाठी सोडावा. पुढे "पाणी द्या" हे रोजचे बोल तशाच संथ चालीवर, त्यांच्या डाव्या हाताने ताल धरून म्हणावेत. गुण सर्वांना सारखा येत नाही.

भाषा घरचीच असावी. उमरग्याकडे कुणाची कानडी असेल, तांड्यावर गोरमाटी असेल, तीच बोलावी. प्रमाण मराठीचा आग्रह येथे निरर्थक आहे.

पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते. त्यानंतरही ती थांबत नाही. वाचा-उपचारतज्ज्ञासाठी अनेकांना सोलापूर वा लातूर गाठावे लागते. तरी एकदा जाऊन घरचा अभ्यास ठरवून घ्यावा. कायमस्वरूपी वाचाघाताचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, तेव्हा प्रमाणपत्राची चौकशीही करावी. आणि हा सारा भार एकट्या पत्नीवर टाकू नये. दिवसातील एक बैठक मुलाने, एक सुनेने घ्यावी. तिलाही थोडा वेळ मुकाट बसू द्यावे.

आपल्या रुग्णालयात यापुढे सोडपत्रासोबत चित्रांचा एक कागद दिला जाईल. त्यावर पाणी, औषध, शौच, दुखणे ही चित्रे आहेत. खाली घरच्या माणसांसाठी रिकाम्या चौकटी ठेवल्या आहेत. त्यांत छायाचित्रे चिकटवून नावे घरच्यांनीच लिहावयाची आहेत.