चित्रामागे किती?

(वाकोला, सांताक्रूझ पूर्व येथील स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या मैत्रिणीच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही.)



मी इथलीच. दत्त मंदिर रोडच्या मागच्या चाळीत वाढले. आई घरी काज-बटणाचं काम करायची. डझनावर पैसे. अंगात ताप असला, डझन भरले नाहीत, की पैसे नाहीत. रात्री बारापर्यंत तिची सुई चालायची, तरी शेजारणींना सांगायची, "मी काही कामाला जात नाही, घरीच असते." हे आधी सांगते, कारण पुढे टोकियोत मला माझ्या आईचंच काम भेटलं.

मी संगणकावर चित्रं रंगवायला शिकले. २०१६ साली टोकियोतल्या एका स्टुडिओत नोकरी लागली. आईनं चाळीत पेढे वाटले.

मुंबईचा आणि जपानी स्टुडिओंचा संबंध तसा जुना. मुंबईचे राम मोहन यांनी युगो साको आणि कोइची सासाकी यांच्यासोबत रामायणावर चित्रपट केला. तो १९९२ साली पुरा झाला आणि २०२५च्या जानेवारीत आपल्याकडे थिएटरांत लागला. शाळेत जाऊ पाहणारी युनिसेफची 'मीना' साकारण्यातही राम मोहन होते. ही नावं आपल्याला कळतात. रंग भरणारीचं नाव कुणाला कळतं?

पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. खर्च वाचावा म्हणून एकच चित्र दोन-तीन चौकटी धरून ठेवतात. तरी एका भागाला हजारो चित्रं लागतात. हालचालीची मुख्य चित्रं अनुभवी कलाकार काढतात, त्यांच्यामधली चित्रं नवखे काढतात. मग रंग. पूर्वी रंग पारदर्शक शीटवर ब्रशनं भरत. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून ते काम संगणकावर गेलं. ब्रश गेला, बायका राहिल्या. रंगाच्या खात्यात पूर्वीपासून बायकाच जास्त.

मधली चित्रं बहुधा नगावर. जपानमधल्या ॲनिमेशन कलाकारांच्या संघटनेनं २०१५ साली पाहणी प्रसिद्ध केली. मधली चित्रं काढणाऱ्यांची वर्षाची सरासरी कमाई सुमारे ११ लाख येन निघाली. सगळ्या कलाकारांची मिळून सरासरी होती सुमारे ३३ लाख. म्हणजे नवख्यांच्या हाती महिन्याला ९० हजारांच्या आसपास. त्यात टोकियोचं घरभाडं भरून पोट कसं भरायचं?

मला आधी महिन्याचा पगार होता. वर्षभरानं एक कागद पुढे आला. चित्रामागे पैसे, जास्त सुटतील, असं सांगितलं. कागद जपानीत. मी सही केली. पुढच्या वर्षी मला दिवस गेले आणि त्या सहीचा अर्थ कळला.

जपानच्या १९४७च्या श्रम कायद्यात कामगार स्त्रीला बाळंतपणाआधी ६ आठवडे आणि नंतर ८ आठवडे रजा आहे. राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करायला तोच कायदा मनाई करतो. परदेशी म्हणून माझा हक्क गेला नव्हता. सहीनं गेला होता. कागदावर मी कामगार उरलेच नव्हते, 'स्वतंत्र कलाकार' झाले होते. त्यात व्हिसा कामाला बांधलेला. सबळ कारणाशिवाय तीन महिने काम नसेल तर तो रद्द होऊ शकतो. भाषा धड येत नव्हती, भांडायला कुणी सोबत नव्हतं. सातव्या महिन्यात मी वाकोल्याला परतले.

निघताना शेजारच्या टेबलावरच्या एका वयस्क बाईंनी रेइको ओकुयामांची गोष्ट सांगितली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्या तोएई स्टुडिओत लागल्या. मूल झालं की बाईनं घरी बसावं, अशी तेव्हाची रीत. ओकुयामा मूल झाल्यावरही कामावर राहिल्या, मोठ्या चित्रकार झाल्या. २०१९ साली जपानी दूरदर्शनवर त्यांच्या आयुष्यावरून सुचलेली मालिका आली. त्यांच्या मागे कामगार संघटना होती. मी एकटी होते.

कायदे थोडे हलताहेत. नोव्हेंबर २०२४पासून जपानमध्ये सुट्या कलाकारांनाही कामाच्या अटी लेखी द्याव्या लागतात आणि ६० दिवसांत पैसे चुकते करावे लागतात. पण घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १९९६ साली झालेला आंतरराष्ट्रीय करार, क्रमांक १७७, भारतानंही मान्य केलेला नाही आणि जपाननंही. बटण असो की चित्र, नगावरची बाई दोन्हीकडे हिशेबाबाहेर.

कुणाची मुलगी निघाली तर तिला अडवू नका. काम सुंदर आहे, मी आजही करते. फक्त चार प्रश्न तिच्या पदरी बांधून द्या. पगार की नगावर? विमा कोण भरणार? बाळंतपणात काय? कागद आपल्या भाषेत वाचून दाखवाल का? उत्तर मिळेपर्यंत सही करायची नाही.

आणि ती निघायची वाट कशाला पाहायची? मी वही आणली आहे. इथे बसलेल्या प्रत्येकीनं आपलं काम आणि त्याचा दर सांगा. आज लिहून काढू, मग पुढचं बोलू.