पडद्यासमोरचे मूल
(हीरक महोत्सवी पालक-मेळाव्यातील व्याख्यान)



रंजनातून वागणे उचलण्याची मानवी सवय दूरदर्शनपेक्षा पुष्कळ जुनी आहे. मराठी रंगभूमीला तिचा परिचय शतकभराचा. ‘मानापमान’ १९११ साली आणि ‘स्वयंवर’ १९१६ साली रंगभूमीवर आले. त्या काळात बालगंधर्वांची साडी नेसण्याची ढब, केशरचना आणि फुले माळण्याची रीत घरंदाज स्त्रियांनी उचलली. नारायण श्रीपाद राजहंस हे पुरुष होते. तरीही स्त्रीने कसे दिसावे व वावरावे, याचा आदर्श त्यांच्याकडून घेतला गेला. ज्याला मान मिळतो, त्याचे अनुकरण होते.

या अनुभवाला पुढे प्रयोगाचा आधार मिळाला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा यांनी बालवाडीतील मुलांचा अभ्यास केला. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुलांना एक चित्रफीत दाखवण्यात आली. तीत एक मोठा माणूस फुगीर बाहुलीला बडवीत होता. शेवट मात्र तीन प्रकारचे होते. एका गटाला त्या माणसाचे कौतुक झालेले दिसले, दुसऱ्याला त्याला झालेली शिक्षा, तिसऱ्याला यांपैकी काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. परंतु ‘पाहिलेले करून दाखवा, बक्षीस मिळेल’ असे सांगताच तिन्ही गट जवळजवळ सारखे ठरले. शिकणे सर्वांचेच झाले होते. ते शाबासकीची वाट पाहत आत दडून होते.

पालकांसाठी मर्म येथे आहे. पडदा नमुना देतो, शाबासकी घर देते. चार वर्षांच्या नातवाने खलनायकाचा उर्मट संवाद म्हटला आणि आजोबांसह सारे घर हसले, की तो नमुना पक्का होतो.

भाषेचेही तसेच आहे. २०१३ साली बांगलादेश सरकारने ‘डोरेमॉन’ मालिकेच्या हिंदी आवृत्तीचे प्रक्षेपण थांबवले. लहान मुले ती पाहून हिंदी बोलू लागल्याची चिंता त्यामागे होती. जपानी कथेतून बंगाली मुलाला हिंदी येते, तर बीरगांवच्या मराठी मुलाचे काय सांगावे? रायपूरला लागून, उरला औद्योगिक क्षेत्राशेजारी वसलेल्या या गावात त्याच्या कानांवर खेळताना छत्तीसगढी पडते, बाजारात हिंदी. दोन्ही त्याच्या स्नेहाच्या भाषा. मराठी त्याला मुख्यतः घरात आणि वर्गातच भेटते. मालिकेतले वाक्य त्याने घरात म्हटले आणि आईवडिलांनीही कौतुकाने त्याच भाषेत उत्तर दिले, की त्या दोन जागांपैकी एक उणी होते.

पडद्यावर बंदी घालून हे सुटत नाही. शेजारच्या घरी पडदा असतोच. मुलाशेजारी बसणे मात्र साधते. दिवसभरात पाहिलेली गोष्ट त्याने जेवताना मराठीत सांगावी. अमके पात्र तसे का वागले, समोरच्याला काय वाटले असेल, हे वडीलधाऱ्यांनी विचारावे. गोष्ट सांगता सांगता मूल काय घ्यावे आणि काय टाकावे, हे निवडू लागते.

या मेळाव्यालाही लहान मुले आली आहेत. जुने वर्गमित्र एकमेकांना कोणत्या भाषेत हाक मारतात, वृद्ध शिक्षकांपुढे कसे वाकतात, आणि त्या वेळी हातातला मोबाइल खिशात जातो की नाही, हे ती पाहत आहेत.