कागद सरळ का पडत नाही?

ऐकता ऐकता एक करा. वहीच्या पानाची अरुंद पट्टी फाडा, आडवी धरून सोडा. गरगर कोलांट्या मारत तिरकी जाईल. आता अख्खं पान सोडा. ते झोके घेत येतं.

मी गेमसाठी गळणारी पानं कोड करत होतो. माझं पान मेलं दगडासारखं खाली यायचं! सकाळी डेमो, आणि दोन रात्री वाया. चूक काय? हवेचा जोर मी बरोब्बर मधोमध लावला होता. मग वळणार कसं? खरं तर पान तिरकं घसरायला लागलं, की जोराचा बिंदू पुढच्या, म्हणजे खालच्या कडेकडे सरकतो आणि तीच कड वर उचलतो. रुंद, पातळ पानाला हवा अडवते, ते उलट फिरतं : झोका. अरुंद पट्टी मात्र फिरण्याच्या जोरात पलटी होऊनच जाते. मॅक्सवेलनं, हो, तोच विद्युतचुंबकत्ववाला, १८५४ मध्ये यावर पेपर लिहिलाय.

तो बिंदू सरकवला, चार ओळींचं काम. पहाटे पान डुललं. डेमोत सर म्हणाले, "बटणाचा रंग बदला."