डॉक्टरांची परदेशांतील उमेदवारी

(ज्ञातिसंस्थेच्या कर्जत-खालापूर विभागाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यवाहांनी हा विषय सुचविला तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता, कारण आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु आमची पुतणी ह्या वाटेने जाऊन आज अमेरिकेतील एका रुग्णालयात रेसिडेंट आहे, आणि शिष्यवृत्ती समितीवर बसून अशा काही कुटुंबांचे अर्जही आम्ही वाचले आहेत. त्यांपैकी एका अर्जाबाबत आमच्या हातून चूक घडली. तिची कबुली देणे हेही ह्या भाषणाचे एक कारण आहे.

परदेशी वैद्यकीय शिक्षणाचे नाव निघताच आपल्या मनात आनंदीबाई जोशी उभ्या राहतात, आणि ते साहजिकही आहे. ज्या कल्याणशी त्यांचे नाते, ते आपल्याच रेल्वेमार्गावरील जंक्शन. १८८३ मध्ये त्या समुद्रापार गेल्या, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली, आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. त्या काळी पदवीसाठीच परदेशी जावे लागे. आज पहाटेची कर्जत वा खोपोलीची लोकल धरून मुंबईत एम.बी.बी.एस. करणारी आपली मुले पदवी येथेच घेतात. बाहेर जायचे ते उमेदवारीसाठी. सुतार वा सोनार जसा कारागिराच्या हाताखाली काही वर्षे काढतो, तसेच हे आहे. रेसिडेन्सी म्हणजे ज्येष्ठ डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णालयात केलेली पगारी नोकरी. मेडिसिनसाठी तीन वर्षे, मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी सात. अमेरिकेत पहिल्या वर्षी साठ हजार डॉलरांवर वेतन मिळते. तेव्हा ‘सीट मिळवून देतो’ म्हणून जो पैसे मागेल, तो खोटे बोलतो आहे हे निश्चित समजावे. मुंबईतील एका कार्यालयाने आमच्या परिचयाच्या कुटुंबाकडून अडीच लाख रुपये असेच घेतले व बदल्यात एक छापील पत्र दिले.

ही वाट पूर्वी इतकी अरुंद नव्हती. विलायतेत आपल्या पदव्यांना असलेली सरसकट मान्यता १९७५ मध्ये गेली आणि परीक्षा आली. तीच आज प्लॅब ह्या नावाने ओळखली जाते. तिचा दुसरा भाग मँचेस्टरला जाऊन द्यावा लागतो. ती उत्तीर्ण झाल्याने नोंदणीचा मार्ग मोकळा होतो, नोकरी मिळत नाही. हा भेद न कळल्यामुळे तिकडे जाऊन महिनोन्‌महिने अर्ज करीत बसलेले डॉक्टर पुष्कळ आहेत. विलायतेविषयी इतके पुरे. आपल्या मुलांचा ओढा आज अमेरिकेकडे अधिक आहे.

अमेरिकेत परदेशी पदवीधरांची पारख करणारी ई.सी.एफ.एम.जी. ही संस्था १९५६ पासून आहे. तिचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी यू.एस.एम.एल.ई. परीक्षेच्या दोन पायऱ्या चढाव्या लागतात व इंग्रजी संभाषणाची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. पहिल्या पायरीचे गुण जानेवारी २०२२ पासून कळविले जात नाहीत. केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण. त्यामुळे पालकांस वाटते की ओझे हलके झाले. ओझे हलके झाले नाही, ते दुसऱ्या पायरीवर गेले. कारण तिचे गुण आजही दिसतात आणि रुग्णालये तेच पाहतात. एकदा आलेले अपयश कागदावर कायम राहते, आणि उत्तीर्ण झालेली परीक्षा गुण वाढविण्यासाठी पुन्हा देता येत नाही. म्हणून घाईने परीक्षेस बसविणे घातक. दोन्ही परीक्षा विद्यार्थिदशेत देता येतात, तेव्हा विचार तिसऱ्या वर्षीच व्हावा. इंटर्नशिप संपल्यावर जागे होणारे दोन वर्षे मागे पडतात.

सप्टेंबरात अर्ज जातात, हिवाळ्यात मुलाखती होतात, आणि त्यानंतर ‘मॅच’ नावाचा प्रकार येतो. ह्याविषयी आमच्या घरातच इतके गैरसमज होते की थोडे विस्ताराने सांगावे लागेल. उमेदवार आपल्या पसंतीच्या क्रमाने रुग्णालयांची यादी देतो, रुग्णालये उमेदवारांची देतात. संगणक उमेदवाराच्या पहिल्या पसंतीपासून आरंभ करतो. ते रुग्णालय त्यास तात्पुरते धरून ठेवते. अधिक पसंतीचा कोणी आला आणि जागा उरली नाही, तर पहिल्यास सोडते. सुटलेला आपल्या यादीतील पुढच्या दाराशी जातो. सर्वांची हालचाल थांबली की जोड्या पक्क्या, आणि त्या उभयपक्षी बंधनकारक. आमच्या वधू-वर सूचक मंडळाच्या चालकांस हे ऐकून मौज वाटेल की गेल व शॅप्ली ह्या गणितज्ञांनी १९६२ मध्ये ह्या पद्धतीचे गणित मांडले ते विवाह जुळविण्याचेच उदाहरण घेऊन! त्याच कार्यासाठी शॅप्ली व रॉथ ह्यांना २०१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ह्यातून निघणारा व्यवहार असा: आवडते रुग्णालय पहिल्या क्रमांकावर लिहिल्याने खालची संधी दवडली जात नाही. आमच्या पुतणीस घरच्या वडीलधाऱ्यांनी, त्यांत आम्हीही होतो, ‘जे नक्की मिळेल ते वर लिही’ असा सल्ला दिला होता. तिने ऐकले नाही हे बरे झाले.

आता त्या अर्जाची हकीकत. खालापूर तालुक्यातील एका सभासदाच्या कन्येने परीक्षांसाठी आपल्या निधीतून कर्ज मागितले. निधी महाविद्यालयीन फीसाठी आहे, परीक्षांसाठी नाही, असे एका ओळीचे उत्तर आम्ही पाठविले. नियमाप्रमाणे ते बरोबर होते. परंतु तिच्या वडिलांस बोलावून खर्च केव्हा व किती लागतो, एवढे सांगण्याची बुद्धीही आम्हांस झाली नाही. फार्महाऊससाठी जमिनी घेणारे लोक आपल्याकडे दारोदार फिरतातच. वडिलांनी रस्त्यालगतची वडिलोपार्जित जमीन एकदम विकून टाकली. वस्तुतः हा खर्च पायरीपायरीने येतो: प्रत्येक परीक्षेस हजार डॉलरांहून अधिक फी, मग तेथील रुग्णालयांत काही आठवडे राहून पाहण्या-शिकण्याचा खर्च, मग अर्जांचा. पहिल्या पायरीवर अडखळले तर पुढचा खर्च उद्भवतच नाही.

मार्चमध्ये मॅचच्या आठवड्यात सोमवारी आपल्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास इतकेच कळते की जागा मिळाली की नाही; कोठे, ते शुक्रवारी. त्या सोमवारी वडिलांनी नातेवाईक बोलाविले होते, पेढे आणले होते. जागा मिळाली नव्हती. पुढच्या संमेलनास ते कुटुंब आले नाही. कोणी काही विचारील, ही भीती. आणि आपण विचारले असतेच, हेही खरे.

अमेरिकन नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी मॅचमध्ये उतरलेल्या शंभरांतील सुमारे ५८ जणांसच २०२४ व २०२५ मध्ये जागा मिळाली. म्हणजे हुशार, मेहनती, सर्व परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांतलेही चाळीसजण रिकाम्या हाताने परततात. हा आकडा त्या वडिलांस आधी ठाऊक असता तर पेढे आले नसते, आणि कदाचित जमीनही राहिली असती. ती मुलगी आज महाराष्ट्रातच मेडिसिनचे एम.डी. करीत आहे. आमच्याशी बोलते, वडील मात्र अद्याप बोलत नाहीत.

जागा मिळाल्यावरही व्हिसाची काळजी असते. २०२५ मध्ये मे-जूनच्या सुमारास नव्या मुलाखतींच्या तारखा देणे काही आठवडे थांबले, आणि उमेदवारांस तर जुलैच्या आरंभी रुजू व्हायचे होते. त्याच वर्षी सप्टेंबरात एच-१बी ह्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लक्ष डॉलरांचा आकार घोषित झाला. बहुतेकांच्या वाट्यास येणारा जे-१ व्हिसा शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट घालतो. ती माफ करून घेण्याचा रूढ उपाय म्हणजे अमेरिकेतील डॉक्टरांची वाण असलेल्या भागात तीन वर्षे सेवा. म्हणजे तेथील खेडी आपल्या मुलांची वाट पाहतात! इकडे आपल्या तालुक्यांतून गंभीर रुग्ण पनवेल वा मुंबईकडे न्यावा लागतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत गाडी जाईल असा रस्ताही नव्हता. हे सांगून कोणास थोपविण्याचा आमचा हेतू नाही. ज्याला जायचे त्याने जावे. पण येथे राहणे म्हणजे मागे पडणे, ही समजूत मात्र चुकीची आहे. आपल्याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी विंचूदंशावर प्रॅझोसिन हे औषध वापरून पाहिले, आणि १९८६ मध्ये त्यांचा लेख विलायतेच्या ‘लॅन्सेट’ने छापला.

आज दुपारच्या सर्वसाधारण सभेत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. निधीतून परीक्षांसाठीही बिनव्याजी कर्ज द्यावे, परंतु हप्त्यांनी: पहिला हप्ता पहिल्या परीक्षेच्या फीपुरता, दुसरा ती उत्तीर्ण झाल्यावर, तिसरा दुसऱ्या परीक्षेचे गुण पाहून. अर्जदाराबरोबर आईवडिलांनीही समितीपुढे बसावे, आणि ह्या वाटेने गेलेल्या आपल्यापैकी एका डॉक्टरने, जागा मिळालेल्या वा न मिळालेल्या, त्यांच्याशी तासभर बोलावे. जागा न मिळाल्यास परतफेड नोकरी लागल्यानंतर एक वर्षाने सुरू व्हावी. त्या कन्येने ह्या कामी येण्याचे मान्य केले आहे. ठरावाच्या प्रती प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. सभा तीन वाजता आहे.