"चौपट, पण कशाच्या?" : एंडोमेट्रिओसिस आणि कॅन्सरची भीती

आज जरा स्वतःबद्दल बोलणारे.

कॉलेजपासून पाळीचे पहिले दोन दिवस मी आडवीच असायचे. आई म्हणायची, "सगळ्यांनाच दुखतं गं, लग्नानंतर बरं होईल." सव्विसाव्या वर्षी सोनोग्राफीत 'चॉकलेट सिस्ट' निघाली. नाव गोड, पण आत साकळलेलं जुनं रक्त. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो, बीजांडकोशावर, कधी आतड्यावर. पाळीच्या वेळी तिथेही सूज येते, रक्त येतं. साधारण दहातल्या एकीला हे असतं.

त्या रात्री दोन वाजता फोनवर वाचलं, 'कॅन्सरचा धोका चौपट!' झोप उडाली.

डॉक्टर मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "चौपट, पण कशाच्या?"

इथेच सगळी गोम आहे. २०२४ साली अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या सुमारे ५ लाख स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास आला. एंडोमेट्रिओसिस असलेल्यांमध्ये बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका साधारण चौपट दिसला. चॉकलेट सिस्ट किंवा खोलवर गेलेला आजार असेल, तर जवळजवळ दहापट. पण मूळ आकडाच लहान आहे ना! एकूण हिशेब केला तर दर १०,००० जणींमागे साधारण १० केसेस जास्त. म्हणजे हजारात एक.

म्हणून घाबरायचं नाही, पण अंगावरही काढायचं नाही. पोट सतत फुगलेलं, दोन घासांत पोट भरतंय, दुखण्याची तऱ्हाच बदलली, पाळी गेल्यावर सिस्ट वाढतेय, असं काही असेल तर लगेच दाखवा. आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी जास्त आली म्हणजे कॅन्सरच, असं नाही. एंडोमेट्रिओसिसमध्येही ती वाढते.

माझ्या गोळ्या चालू आहेत, ठरल्या वेळी सोनोग्राफी होते. आता पाळीतही ऑफिसला जाते.

परवा आई हळूच म्हणाली, "मलाही असंच दुखायचं. कुणाला सांगणार?" हा आजार आई-बहिणीला असेल, तर आपल्याला व्हायची शक्यता वाढते. तिने तेव्हा सांगितलं असतं, तर माझी आठ वर्षं वाचली असती. तिला तरी कुणी विचारलं होतं म्हणा!

तर आज एक काम करा. घरात विचारा, "तुला किती दुखायचं?" आणि उत्तर नीट ऐका. भेटू पुढच्या भागात!