घाट चढणारी इंजिने
(भाषणाचा मजकूर)



रेल्वे इंजिनाचा प्रकार कारखान्यात ठरतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो बऱ्याच अंशी वाटेवरची भूमी ठरवीत असते. बोरघाट आणि थळघाट ही त्याची ठळक उदाहरणे होत. या घाटांतील तीव्र चढावर ३७ मीटर अंतरामागे मार्ग १ मीटर उंचावतो. डोळ्यांना हा चढ किरकोळ वाटेल. परंतु गुळगुळीत रुळावरील पोलादी चाकाची पकड मुळातच बेताची असते.

१८६३ मध्ये बोरघाट रेल्वेला खुला झाला, तेव्हा खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवून उरलेला चढ चढावा लागे. हा खटाटोप १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे संपला. त्याच सुमारास घाटात वीज आली. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर धावली होती; घाटासाठीही तोच दाब स्वीकारण्यात आला.

मालगाड्यांकरिता जे इंजिन आले, ते पुढे 'डब्ल्यूसीजी-१' या नावाने ओळखले गेले. यातील 'डब्ल्यू' म्हणजे ब्रॉडगेज, 'सी' म्हणजे एकदिश प्रवाह आणि 'जी' म्हणजे मालवाहतूक. प्रवासी इंजिनास 'पी', दोन्ही कामांच्या इंजिनास 'एम' आणि प्रत्यावर्ती प्रवाहावरील इंजिनास 'ए' हे अक्षर लागते. स्वित्झर्लंड व इंग्लंडमध्ये बांधलेल्या या इंजिनाचे अंग तीन भागांत सांधलेले असल्याने ते वळणावर सहज वळे. त्याच्या डुलत्या चालीमुळे चालकांनी त्याला 'खेकडा' म्हटले. अधिकृत नावापेक्षा हे नाव अधिक बोलके आहे!

इंजिन कितीही बलवान असो, जड गाडी केवळ पुढून ओढल्यास डब्यांच्या जोडण्यांवर असह्य ताण येतो. म्हणून कर्जत आणि कसारा येथे गाडीच्या मागे 'बँकर' इंजिने जोडतात. ती गाडी ढकलतात. जोडणी तुटलीच, तर मागील डबे घसरू देत नाहीत. मात्र ती जोडण्यात वेळ जातो. जानेवारी २०१९ मध्ये नाशिकमार्गे सुरू झालेल्या मुंबई-दिल्ली राजधानी गाडीस यासाठीच पुढे व मागे एकेक इंजिन देण्यात आले. एव्हाना एकदिश प्रवाहाचे युगही संपले होते. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्ग २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर आल्यावर त्याचा मुंबईतील अखेरचा अवशेष गेला.

चढापेक्षा उतार अधिक धोक्याचा. 'डब्ल्यूएजी-९' सारखी आधुनिक इंजिने उतारावर मोटारींनाच जनित्र बनवून गाडी आवरतात आणि वीज तारेत परत पाठवितात. तरीही सारा भरवसा यंत्रावर टाकलेला नाही. उताराच्या मार्गावर ठिकठिकाणी चढत्या जमिनीवर नेलेल्या 'कॅच सायडिंग' आहेत. सांधा नेहमी त्यांच्याच बाजूला लावलेला असतो. गाडी नेमून दिलेल्या ठिकाणी थांबते, ती चालकाच्या ताब्यात असल्याचे सिद्ध होते आणि त्यानंतरच तिला मुख्य मार्ग खुला होतो.