पदवीच्या पलीकडचा मार्ग
(रांजणगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या मास्तराने डॉक्टरेटविषयी बोलावे, हे कित्येकांस विपरीत वाटेल. परंतु हे बोलणे आमच्या एका चुकीतून उपजले आहे.

येथील औद्योगिक वसाहत उभी राहत होती, त्या काळची गोष्ट. आमचा एक विद्यार्थी अर्थशास्त्रात एम. ए. झाला व पीएच. डी. करावी काय, असे विचारण्यास घरी आला. आम्ही म्हणालो, "बाबा रे, इतकी वर्षे तुला पोसणार कोण? कारखान्यात चिकट." तो चिकटला. शिष्यवृत्तीची चौकशी करण्यास एक पोस्टकार्ड पुरले असते. ते आम्ही लिहिले नाही. आज त्याची कन्या समाजशास्त्रात एम. ए. करीत आहे. तिला तेच उत्तर मिळू नये, एवढाच आमचा हेतू आहे.

'समाजशास्त्र शिकून काय मिळते?' असा प्रश्न येतो. आपल्याच शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या गावाची शेती, मजुरी व कर्ज यांची पाहणी डॉ. हॅरल्ड मॅन व श्री. कानिटकर यांनी केली. तिचे पुस्तक 1921 साली निघाले. शंभर वर्षांनंतरही अभ्यासक ते चाळतात. आज या पंचक्रोशीत जमिनी गेल्या, कारखाने आले, परप्रांतीय कामगार आले. हे आपल्या मुलांनी लिहू नये, तर कोणी लिहावे?

पैशाची अडचण मोठ्यांनाही चुकली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. प्राध्यापकी करून जमविलेली शिल्लक व शाहू महाराजांचे साहाय्य यांवर ते 1920 मध्ये पुन्हा गेले व 1923 मध्ये डी. एस्सी. झाले. बुद्धी होतीच, खंड पडला तो पैशाने.

आता नियम ऐका. एम. ए. ला 55 टक्के गुण लागतात. आपली ज्ञाती इतर मागास वर्गात असल्याने, उन्नत गटात न मोडणाऱ्यांस 50 टक्के पुरतात. त्यानंतर 'नेट' परीक्षा, एम. ए. च्या शेवटच्या वर्षातही ती देता येते. 2024 पासून तिचे गुण पीएच. डी. च्या प्रवेशासही धरतात. तीत वरच्या क्रमांकाने कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळते. 2023 पासून तिचा दर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये व पुढे 42,000 रुपये असा ठरला. तिची वयोमर्यादा 30 वर्षे. आपल्या वर्गास व स्त्रियांस पाच वर्षांची सवलत आहे.

ती हुकली तरी निराश होऊ नये. विद्यापीठात नोंदणी झाल्यावर दिल्लीच्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे व नागपूरच्या 'महाज्योती'कडे अधिछात्रवृत्तीसाठी जाहिरात निघताच अर्ज करावा.

परंतु अर्ज अडतो तो कागदावर. जातीचा दाखला व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवा. त्याची 8 लाखांची मर्यादा पाहताना आईबापांचा पगार व शेतीचे उत्पन्न धरीत नाहीत. मात्र पद व बागायत जमीन यांच्या कसोट्या निराळ्या आहेत. 'आपले उत्पन्न जास्त' अशा परस्पर समजुतीने घरी बसू नका.

शेवटी मंडळास एक विनंती. आपली मदत पदवीपाशी थांबते. परंतु नोंदणीपासून पहिला हप्ता हाती पडेपर्यंतचे महिने गरिबाच्या लेकरास फार कठीण जातात. त्या महिन्यांपुरता बिनव्याजी निधी काढावा. हप्ता येताच रक्कम परत यावी व पुढच्याच्या कामी पडावी. सत्काराच्या शाली व नारळ यांचा खर्च त्यात वळवावा. आज आम्हांस दिलेल्या शालीपासूनच आरंभ व्हावा. आमचे एका महिन्याचे निवृत्तिवेतन आम्ही खजिनदारांकडे दिले आहे.

तेव्हाचे पोस्टकार्ड राहून गेले. ते आज आपणा सर्वांच्या नावे टाकीत आहोत.